दहावीचा उत्क्रांतीचा धडा आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय: शब्बाथशाळेत कसं शिकवावं?

शब्बाथशाळा_कोल्हापूर

सर्वांना सप्रेम जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नववी ते बारावीच्या मुलांचा रविवारचा शब्बाथशाळेचा वर्ग आहे, मुलं साधारण वीस-बावीस. पावसाळा संपला की सहा रविवार, प्रत्येकी ४५ मिनिटं, पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय (देवाने सहा दिवसांत सृष्टी केली ती कथा) घ्यायचं ठरलंय. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. अवशेषांगं, जोडणारे दुवे, कार्बनी वयमापन हे सगळं मुलं शाळेत शिकून येतात आणि रविवारी विचारतात, मग सहा दिवसांचं काय?

पालकांत दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, पुस्तकातलं मार्कांपुरतं पाठ करा, खरं मानू नका असं मुलांना सांगा. काही म्हणतात, वाद नको, सरळ अब्राहामापासून सुरुवात करा. मला दोन्ही पटत नाही. पहिल्यात मुलाला परीक्षेत एक आणि मंडळीत दुसरं बोलायला शिकवल्यासारखं होतं, दुसऱ्यात पवित्र शास्त्राचं पहिलं पानच चिकटवून टाकल्यासारखं.

नेमकी मदत हवी आहे: मूळ मजकुरात काय आहे, कार्बन डेटिंगवर मुलं व्हॉट्सअॅपचे व्हिडिओ दाखवतात त्यांना काय सांगायचं, आणि आदामाचा प्रश्न कसा हाताळायचा. वर्गात करून दाखवता येईल असं काही असेल तर फारच बरं.

---

इब्री_अभ्यासक

ताई, पहिला रविवार विज्ञानाला हातही न लावता घ्या. नुसता मजकूर वाचा. फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे दिवस १, २, ३, उजवीकडे दिवस ४, ५, ६. मुलांनाच भरू द्या. पहिल्या दिवशी प्रकाश आणि अंधार वेगळे झाले, चौथ्या दिवशी त्यांच्यावर सत्ता चालवणाऱ्या ज्योती आल्या. दुसऱ्या दिवशी वरचं आणि खालचं पाणी वेगळं झालं, पाचव्या दिवशी वर पक्षी, खाली मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी आणि वनस्पती, सहाव्या दिवशी त्या भूमीवर राहणारे पशू आणि माणूस. आधी तीन दिवस घर बांधलं, पुढचे तीन दिवस त्यात राहणारे आणले. दुसऱ्या वचनात पृथ्वी ‘तोहू वाबोहू’ होती असं आहे, म्हणजे आकारहीन आणि रिकामी. तीन दिवस आकार देण्याचे, तीन दिवस भरण्याचे. मुलांनी हे स्वतः शोधलं की पुढच्या पाच रविवारचा पाया तयार.

मग विचारा: सूर्य चौथ्या दिवशी आला, तर पहिले तीन दिवस ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ ते कशावरून? हा प्रश्न डार्विननंतरचा नाही. ख्रिस्ती विद्वान ओरिजेनने तिसऱ्या शतकात विचारला होता. ऑगस्टीनने (३५४–४३०) उत्पत्तीच्या शब्दशः अर्थावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटलं की हे दिवस आपल्या दिवसांसारखे समजू नयेत, देवाने सगळं एकाच वेळी निर्माण केलं. त्याच ग्रंथात त्यांनी बजावलं आहे की पृथ्वी-आकाशाबद्दल ज्यांना माहिती आहे अशांसमोर ख्रिस्ती माणसाने शास्त्राचं नाव घेऊन चुकीचं बोललं, तर ऐकणारा तारणाच्या गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाही. दुसरी बाजूही सांगा: बॅसिल यांनी चौथ्या शतकात दिवस म्हणजे चोवीस तासच मानले. दोघेही मंडळीचे मान्यवर शिक्षक. म्हणजे इथे मतभेद पहिल्यापासून आहे आणि त्यावरून कोणाला मंडळीबाहेर काढलं नाही.

‘योम’ (दिवस) हा इब्री शब्द एकाच पानावर तीन अर्थांनी येतो हे बोट ठेवून दाखवा. १:५ मध्ये प्रकाशाला ‘योम’ म्हटलं, म्हणजे उजेडाचा वेळ. त्याच वचनात संध्याकाळ-सकाळ मिळून ‘योम’. आणि २:४ मध्ये मूळ इब्रीत ‘ज्या योमात देवाने पृथ्वी व आकाश केले’, तिथे सगळी निर्मितीच एका ‘योम’मध्ये. सातव्या दिवसाला तर ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे शब्दच नाहीत. नंतर २:५–७ वाचा: शेतातलं झुडूप अजून उगवलेलं नाही आणि माणूस घडवला जातो. पहिल्या अध्यायात वनस्पती आधी आहेत. लेखकाला हा फरक दिसला नसेल असं नाही. म्हणजे तो घटनांची रोजनिशी लिहीत नव्हता.

इथे एक चूक हमखास होते. शिक्षक उत्साहात ‘योम म्हणजे युग’ असं सांगून टाकतात आणि प्रत्येक दिवसाला भूशास्त्रातला एकेक काळ चिकटवतात. मग कोणी तरी विचारतं की फळझाडं तिसऱ्या दिवशी आणि मासे पाचव्या, पण जीवाश्मांत मासे फळझाडांच्या कितीतरी आधी सापडतात, त्याचं काय? जोडणी तिथेच तुटते. मजकूर जे सांगायला बसला आहे तेच त्याला सांगू द्या. सूर्य आणि चंद्र हे शब्द पहिल्या अध्यायात मुद्दाम टाळले आहेत, ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढंच. आजूबाजूची राष्ट्रं ज्यांना देव मानून नमत होती त्यांना इथे दिवे म्हटलं आहे, माणसाच्या सेवेला लावलेले. हे ऐकणाऱ्या इस्राएली माणसाला अंगावर काटा आला असेल.

---

पाषाण_आणि_जांभा

वरच्या उत्तराशी सहमत. मी दगडांपुरतं लिहितो, आणि कोल्हापूरकरांना दगड शिकवायला बाहेर कुठे जावं लागत नाही.

आधी कार्बनचा घोळ मिटवा, कारण निम्मे व्हिडिओ त्यावरच असतात. कार्बन-१४ चा अर्धायुष्य काल (निम्मा विघटित व्हायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं. दहा अर्धायुष्यांनंतर, म्हणजे ५७,३०० वर्षांनी, मूळच्या १,०२४ भागांतला एक उरतो. त्यापुढे मोजायला काही राहत नाही. म्हणून ही पद्धत लाकूड, हाडं, कोळसा अशा एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना, सुमारे ५० हजार वर्षांपर्यंत. डायनासोर किंवा सह्याद्रीचा दगड कार्बनने कोणी मोजत नाही. ‘कार्बन डेटिंग चुकतं, म्हणून पृथ्वी कोट्यवधी वर्षांची नाही’ हे वाक्य म्हणूनच लागू पडत नाही. किराणा दुकानाच्या तराजूवर उसाचा ट्रक मावला नाही, म्हणून ट्रकला वजन नाही असं होत नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणाचं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचं, वय मोजायला पोटॅशियम-आर्गॉन आणि युरेनियम-शिसं या पद्धती. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. साडेसहा कोटी वर्षांत त्यातला साधारण साडेतीन टक्केच विघटित होतो, आणि त्यातलाही सुमारे नववा भाग आर्गॉन बनतो, बाकीचा कॅल्शियम. इतकी बारीक मोजणी असल्याने चुकाही ठरावीक आहेत. दगड कुजलेला असेल तर आर्गॉन निसटतो आणि वय कमी येतं. लाव्हा पटकन थिजला किंवा त्यात आधीचे स्फटिक अडकले, तर जुना आर्गॉन आत राहतो आणि वय जास्त येतं.

व्हिडिओंतलं अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचं उदाहरण यातलंच. तिथल्या १९८६ च्या दगडाचं वय सुमारे साडेतीन लाख वर्षं आलं होतं. घटना खरी आहे, मुलांसमोर नाकारू नका. पण गणित फळ्यावर करा: साडेतीन लाखांची चूक दख्खनच्या ६ कोटी ६० लाख वर्षांत धरली, तर ती अर्धा टक्का होते. अर्ध्या टक्क्याने सहा कोटींचे सहा हजार होत नाहीत. शिवाय दख्खनसाठी दुसरी, स्वतंत्र पद्धत आहे. लाव्हाच्या थरांमध्ये सापडणारे झिरकॉनचे स्फटिक युरेनियम-शिशाने मोजले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला आणि डायनासोर नाहीसे होण्याच्या सीमेआधी साधारण अडीच लाख वर्षं तो सुरू झाला असं निघालं. दोन वेगळी घड्याळं जुळतात, हा मुद्दा मुलांना पटकन कळतो.

वर्गातला प्रयोग: १२८ एक रुपयाची नाणी, एक झाकणाचा डबा. हलवा, सतरंजीवर ओता, छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली मोजा, फळ्यावर आकडा लिहा, परत. अपेक्षा ६४, ३२, १६, ८. पहिल्या खेपेला ५३ ते ७५ मधलं काहीही आलं तर घाबरू नका, तेवढा फरक येतोच. आठच्या खाली गेल्यावर आकडे उड्या मारतात, तिथून निष्कर्ष काढू नका. कार्बन ५० हजार वर्षांपुढे का चालत नाही ते इथेच हाताला कळतं. वीस मिनिटं पुरतात. नाण्यांऐवजी फोडलेले चिंचोके घेतलेत तर फोड एका बाजूवर जास्त पडते, त्यामुळे निम्मे उरत नाहीत, समजा दर खेपेला साठ टक्के उरतात. तो प्रयोग फसला असं समजू नका. प्रमाण दर वेळी जवळपास तेच राहतं हे महत्त्वाचं, प्रत्येक मूलद्रव्याचा वेग वेगळा असतो हे त्यातून शिकवता येतं.

एक रविवार पन्हाळ्याला न्या, वीस किलोमीटर तर आहे. माथ्यावर जांभा, खाली काळा पाषाण. जांभा म्हणजे वेगळा कुठून आलेला दगड नव्हे. पाषाणच ऊन-पावसाने युगानुयुगं झिजून त्यातला सिलिका धुऊन गेला आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरलं. शाहूवाडी-राधानगरीकडचं बॉक्साइट याच क्रियेतून आलं. पाषाणाच्या थराच्या वरच्या अंगाला बुडबुड्यांच्या पोकळ्या शोधा, त्यांत पांढरे स्फटिक असतात. व्हिनेगरचा एक थेंब टाका: फेस आला तर कॅल्साइट, नाही आला तर बहुधा क्वार्ट्झ किंवा झिओलाइट. दख्खनच्या घाटांत दोन पाषाणांच्या मध्ये विटेसारखा लाल मातीचा पट्टा दिसतो, तो दिसला तर तिथे थांबा. खालचा लाव्हा थंड झाला, उघडा पडून कुजला, लाल झाला आणि मगच वरचा लाव्हा आला. हे सगळे थर नोहाच्या एका वर्षाच्या पुरात बसवू म्हटलं तर हाच पट्टा आडवा येतो. पाण्याखाली ओतलेला लाव्हा उशांसारखे गोळे करतो. हे सपाट थर उघड्यावर वाहिलेले आहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात धुकं असतं, शेवाळाने दगड झाकलेला असतो आणि दरडीचा धोका. घाटरस्त्यावर आठ-आठचे गट करा. किल्ल्याच्या भिंतींना हातोडा लावू नका, संरक्षित वास्तू आहे. सुटलेला तुकडा रस्त्याकडेला मिळतो, तेवढा पुरे.

---

मिरज_रोड

सर, दगडाबद्दल तुम्ही सांगता ते मी मनापासून वाचलं. पण माझी अडचण दगड नाही, रोमकरांस पत्र पाचवा अध्याय आहे. एका माणसाच्या द्वारे पाप, एका माणसाच्या द्वारे मरण, आणि एका माणसाच्या द्वारे नीतिमत्त्व. पहिला माणूस काढून घेतला तर पौलाचा सगळा युक्तिवाद कशावर उभा राहील? आणि माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते, तर निर्मिती पाहून देवाने म्हटलेलं ‘फार चांगले’ (उत्पत्ती १:३१) याचा अर्थ काय? हे प्रश्न टाळून मुलांना पन्हाळ्याला नेलं तर ती घरी येऊन आम्हालाच विचारतील.

---

इब्री_अभ्यासक

भाऊ, हा प्रश्न टाळू नयेच. ताईंनी यासाठी एक अख्खा रविवार ठेवावा, चौथा.

शास्त्राला प्रमाण मानणाऱ्यांत आज मुख्यतः तीन भूमिका आहेत. एक, आदाम-हव्वा हे सर्व मानवजातीचे एकमेव पूर्वज. दोन, ती खरी माणसं होती, पण देवाने अनेकांतून त्यांना निवडलं आणि सर्वांच्या वतीने उभं केलं, जसा करार करताना कुटुंबप्रमुख सगळ्या घराच्या वतीने उभा राहतो. तीन, आदाम हे प्रत्येक माणसाचं चित्र. इब्रीत ‘आदाम’ या शब्दाचा अर्थच माणूस, आणि ‘अदामा’ म्हणजे माती. रोमकरांस ५ पहिल्या दोन भूमिकांत सरळ बसतं. तिसरी घेणाऱ्याला पौलाचं वाचन समजावून सांगावं लागतं, ते काम सोपं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. दुसऱ्या भूमिकेत आदामाचा मुलगा काइन याची बायको कुठून आली आणि त्याला भीती कोणाची वाटत होती (४:१४–१७), हे जुने प्रश्नही सुटतात. मला स्वतःला हीच भूमिका मजकुराच्या जवळची वाटते.

जनुकांबद्दल बोलताना एक खबरदारी. ‘माइटोकॉन्ड्रियल ईव्ह’ सापडली, म्हणजे हव्वा सिद्ध झाली, असं भाषणांत ऐकू येतं. तसं नाही. आज जिवंत असलेल्या सगळ्यांची आईकडची रेषा जिथे मिळते ती ती स्त्री, पण तिच्या काळात इतर हजारो स्त्रिया होत्या आणि त्यांचेही वंशज आपण आहोत. खोट्या आधारावर विश्वास उभा केला की बारावीचं पुस्तक उघडताच तो हलतो.

प्राण्यांच्या मरणाबद्दल: रोमकरांस ५:१२ मरण ‘सर्व माणसांमध्ये’ पसरल्याचं म्हणतं. स्तोत्र १०४:२१ मध्ये सिंहाचे छावे देवाकडे भक्ष्य मागतात आणि तिथे त्याला स्तुतीत जागा आहे. ‘फार चांगले’ म्हणजे देवाच्या हेतूला पुरेपूर उतरलेलं. यशया ११ मधलं लांडगा आणि कोकरू एकत्र राहण्याचं चित्र पुढे येणाऱ्या राज्याचं आहे. तुमचा आक्षेप यानेही पूर्ण मिटणार नाही, हे मी जाणतो. पृथ्वी तरुण मानणाऱ्या पालकांपैकी एकाला त्या रविवारी वर्गात बोलवा, दहा मिनिटं त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. दुसऱ्याने मांडलेली बाजू नेहमी लंगडी होते.

मुलांना काही नावंही कळू द्या. महास्फोटाची कल्पना मांडणारे जॉर्ज लेमॅत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते; १९५१ साली पोपने त्या कल्पनेत निर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा अस्वस्थ झालेले तेच. त्यांना देवावरचा विश्वास एका समीकरणाला टांगायचा नव्हता. वाटाण्यांवरून आनुवंशिकता शोधणारे मेंडेल मठवासी होते आणि दहावीच्या त्याच धड्याचा पाया त्यांचा आहे.

---

ओवी_वाचक

एक बाजू राहिली, मराठीची. आपल्या मुलांच्या निम्म्या अडचणी शब्दांतून येतात.

‘आपापल्या जातीप्रमाणे’ हे पहिल्या अध्यायात परत परत येतं. विज्ञानात ‘जाती’ म्हणजे स्पीशीज, म्हणून मुलं समजतात की देवाने प्रत्येक जाती कायमची ठरवून दिली. इब्री शब्द ‘मीन’, म्हणजे साधारण प्रकार. प्रयोगशाळेतली व्याख्या त्यात नाही. आणि दुसरं याहून गंभीर: गावात ‘जात’ म्हटल्यावर काय कानावर येतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या अध्यायात पशूंना, पक्ष्यांना, झाडांना ‘जातीप्रमाणे’ म्हटलंय, माणसाला नाही. २६, २७ वचनं मोठ्याने वाचा. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, बस. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या त्या गावातल्या मुलांना हे वचन तोंडपाठ असायला हवं. मंडळीत लग्न जुळवताना अजूनही पोटजात विचारली जाते, म्हणून म्हणतोय.

‘अंतराळ’ वाचलं की मुलांना इस्रो आठवतं. तिथे ‘रकिया’ आहे, ठोकून पसरलेल्या पत्र्यासारखा विस्तार. तांबट पत्रा ठोकतो तो हात डोळ्यांसमोर आणा. आणि ‘उत्क्रांती म्हणजे नुसती थिअरी’ असं कोणी म्हटलं तर मराठीच उत्तर देते: पुस्तकातला शब्द ‘सिद्धांत’ आहे, सिद्ध होऊन अंताला पोचलेला.

वेळ असेल तर फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण काढा. १६१६ साली छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्याचं पहिलं पुराण निर्मितीपासून सुरू होतं. एका इंग्रज जेझुइटाने ही कथा ओवीत बसवली आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला तो कचरला नाही. पंडिता रमाबाईंनी इब्री-ग्रीकवरून केलेलं पवित्र शास्त्राचं भाषांतर १९२४ साली आलं. एकच वचन त्यात आणि आपल्या चालू प्रतीत शेजारी ठेवून वाचलं की भाषांतर म्हणजे काय ते मुलांना न शिकवता कळतं.

१:१४ मध्ये ज्योती ‘ऋतू, दिवस व वर्षे’ दाखवण्यासाठी आहेत. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव (मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात तो) नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत जानेवारीअखेरीस का होतो, हे मुलांकडून काढून घ्या. २१ डिसेंबरच्या आधी ४१ दिवस आणि नंतर ४२ दिवस सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी हे जवळून पाहिलं होतं. शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल एक शब्दही वावगा न बोलता हे शिकवता येतं.

---

शब्बाथशाळा_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा धरते: पहिला रविवार दोन रकाने, दुसरा ‘योम’ आणि जुने शिक्षक, तिसरा नाणी आणि गणित, चौथा आदाम आणि पालकांची दहा मिनिटं, पाचवा शब्द, सहावा पन्हाळा. मिरज_रोड भाऊ, चौथ्या रविवारी तुम्ही याल का?

सर, दोन शंका. व्हिनेगर घरातलं चालेल का? आणि किरणोत्सवाचं गणित कळावं म्हणून सूर्यास्त मुलांनी कसा नोंदवायचा?

---

मिरज_रोड

येईन. दहा मिनिटं पुरतील, पण प्रश्नांना वेळ ठेवा.

---

पाषाण_आणि_जांभा

घरातलं पांढरं व्हिनेगर चालेल, ड्रॉपरच्या बाटलीत घ्या. थेंब टाकण्याआधी दगड कोरडा पुसा आणि चावीने थोडा खरवडा. ओल्यावर फेस दिसत नाही, ताज्या चुऱ्यावर चांगला दिसतो. लिंबाचा रस मंद चालतो, मुलं ‘काहीच झालं नाही’ म्हणून पुढे जातात.

सूर्यास्तासाठी गच्चीवर एकच जागा खडूने ठरवा, उभं राहणारं मूल कोणी का असेना, पाय त्याच खुणेवर. पश्चिमेच्या क्षितिजाचं एक चित्र आधी काढून ठेवा, झाडं-टाक्यांसकट, आणि दर रविवारी सूर्य टेकतो तिथे तारीख लिहा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बारा-तेरा खुणा होतील. डिसेंबरच्या शेवटी दोन-तीन खुणा जवळपास एकावर एक येतील, तिथे चुकलं असं वाटून खोडू नका. मावळता सूर्यही नुसत्या डोळ्यांनी टक लावून पाहायचा नाही, तो टेकला की जागा पाहायची आणि खूण करायची.

---